विजांच्या दिवसांत छपरावरचा अँटेना आणि घरातील बूस्टर

(खरीपपूर्व शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात बियाण्याची उगवणक्षमता, बीजप्रक्रिया, सोयाबीनचे वाण, कपाशीच्या लागवडीचे अंतर या विषयांवर बोलण्याची पद्धत आहे. मी कृषिविद्या शिकवितो, तेव्हा तेच माझे नेहमीचे काम. आज मात्र मला दिलेला वेळ मी एका वेगळ्या विषयाला देणार आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या माळवदांवर, स्लॅबवर आणि शेतातील आखाड्यांवर एक वस्तू दिसू लागली आहे. लोखंडी पाईप उभा केलेला, त्याच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा अँटेना, तेथून काळी केबल खिडकीतून आत आलेली आणि आत भिंतीवर लुकलुकणाऱ्या दिव्याची एक छोटी पेटी. कोणी हिला रेंजची मशीन म्हणतो, कोणी बूस्टर. कोठे ती मोबाईलसाठी असते, कोठे टी.व्ही.साठी, तर कोठे घरातील वायफाय आखाड्यापर्यंत नेण्यासाठी.

ही गरज खोटी आहे असे मी म्हणणार नाही. बाजारभाव मोबाईलवर, हवामानाचा अंदाज मोबाईलवर, २०२१ पासून ई-पीक पाहणीसुद्धा मोबाईलवर. घरात रेंज नसेल तर माणूस उंचावर काहीतरी बांधणारच. विजेपासून सावध करणारे ‘दामिनी’ हे ॲपसुद्धा मोबाईलवरच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ते तयार केले असून आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात विजा पडत असतील तर ते सूचना देते. म्हणजे गंमत पाहा, वीज येत आहे हे कळण्यासाठी रेंज हवी, आणि रेंजसाठी उभा केलेला पाईपच त्या विजेला घराच्या आत येण्याची वाट करून देतो. या पेचातून मार्ग कसा काढावयाचा, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

आपल्याकडे विजांचे दिवस कोणते, हे आपणास मी सांगण्याची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, जमीन तापते, दुपारनंतर ढग उभे चढतात आणि तीन-चार वाजता वळवाचा तडाखा बसतो. रोहिणी आणि मृगाच्या तोंडावर हा जोर असतोच, पुन्हा परतीच्या पावसात हस्ताच्या सुमारास तो दिसतो. मधल्या काळात, जुलै-ऑगस्टच्या संततधार पावसात विजा त्या मानाने कमी असतात. वीज केवळ पाऊस पडत असलेल्या जागीच पडते असे नाही. ढगापासून दहा-बारा किलोमीटर दूर, वर निरभ्र आकाश असतानाही ती पडू शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात. त्यांत शेतात काम करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. घरातील अपघात त्या मानाने कमी असतात, परंतु घरात आलो म्हणजे सुटलो ही आपली समजूत असते आणि केबल लावलेल्या घरात ती तितकीशी खरी नाही.

एक जुनी हकीकत

वीज आणि घरात आणलेली तार यांचे नाते पहिल्यांदा जगाला कसे कळले ते ऐका. १७५२ साली अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी ढगातील वीज आणि प्रयोगशाळेतील वीज एकच असल्याचे प्रतिपादन केले. ते ऐकून युरोपात अनेकांनी तसे प्रयोग सुरू केले. रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहरात गेओर्ग रिखमान नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी घराच्या छपरावर लोखंडी सळई उभी केली, तिच्यापासून तार खोलीत आणली आणि विजेचे मोजमाप करणाऱ्या उपकरणाला जोडली. ती तार जमिनीला कोठेही जोडलेली नव्हती. १७५३ च्या ऑगस्टमध्ये गडगडाट सुरू झाला तेव्हा ते मोजमाप पाहण्यासाठी घाईघाईने घरी आले आणि उपकरणाजवळ वाकले. तेवढ्यात उपकरणातून निघालेला विजेचा गोळा त्यांच्या कपाळावर बसून ते जागीच ठार झाले. शेजारी उभा असलेला सोबती बेशुद्ध पडला, पण वाचला.

आता छपरावरची सळई, घरात आलेली तार, तारेच्या टोकाला पेटी आणि पेटीजवळ माणूस ही मांडणी आपल्या ओळखीची वाटते की नाही? पावणेतीनशे वर्षांनंतर आपण तीच मांडणी घराघरांत केली आहे. आपली पेटी अधिक देखणी आहे, इतकाच फरक.

वीज पेटीपर्यंत कशी पोहोचते

बूस्टरला दोन बाजूंनी तारा येतात. एक वरून, म्हणजे अँटेनाची केबल. दुसरी भिंतीतून, म्हणजे २३० व्होल्टचा प्लग. वीज थेट पाईपावरच पडावी लागते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात घरातील बहुतेक उपकरणे जळतात ती पाचशे मीटर किंवा किलोमीटरभर अंतरावर पडलेल्या विजेने. ती वीज विद्युत वाहिनीवर किंवा तिच्या जवळपास पडते, वाहिनीत क्षणभर प्रचंड दाब निर्माण होतो आणि तो डीपीवरून घरापर्यंत येतो. केबल लांब असेल तर तिच्यातही असाच दाब निर्माण होतो. या दोन्ही तारांची गाठ पडते ती त्या छोट्या पेटीत. म्हणून प्रथम ती पेटी जाते, तिला जोडलेला टी.व्ही. जातो, आणि त्या क्षणी कोणाचा हात तेथे असेल तर तो माणूसही सापडतो.

थेट पाईपावर वीज पडली तर काय होते, याचा हिशेब साधा आहे. एका सामान्य विजेचा प्रवाह सुमारे ३०,००० अँपिअर असतो. समजा, आपण पाईपाला अर्थिंग केले आहे आणि त्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे. गुणाकार केला तर क्षणभरासाठी त्या पाईपावर ३ लाख व्होल्टचा दाब येतो. घराच्या वीजजोडणीचे अर्थिंग वेगळे आणि दूर असेल, तर पेटीच्या एका बाजूला ३ लाख आणि दुसऱ्या बाजूला जवळपास शून्य अशी स्थिती होते. मधली पेटी हा फरक सोसू शकत नाही. म्हणून पाईपाला वेगळा खुंटा ठोकला म्हणजे काम झाले असे समजू नये. पाईपाचे अर्थिंग आणि घराचे अर्थिंग जाड पट्टीने एकमेकांना जोडलेले असलेच पाहिजे, म्हणजे दाब वाढला तरी दोन्हींचा बरोबर वाढतो आणि फरक कमी राहतो. ही गोष्ट बूस्टर बसविणारे बहुतेक कारागीर करीत नाहीत. पाईप बांधला, रेंज आली, पैसे घेतले आणि गेले.

बटन बंद करणे पुरेसे नाही

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा की, बटन बंद केले म्हणजे झाले ना? नाही. बटनातील दोन पत्र्यांमधील फट काही मिलिमीटरची असते. जी वीज काही किलोमीटर हवा फोडून खाली आली, तिला ती फट म्हणजे काहीच नाही. शिवाय घरातील साधे बटन फक्त फेजची तार तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते आणि दाब तिच्यातूनही येतो. म्हणून प्लग भिंतीतून ओढून काढावा. अँटेनाची केबलसुद्धा पेटीपासून सोडवावी. नुसता प्लग काढून केबल तशीच ठेवली तर अर्धेच काम होते.

लाईट गेली म्हणजे धोका गेला, ही दुसरी समजूत. वादळ सुटले की आपल्याकडे लाईट जातेच. त्यामुळे लोक निर्धास्त होतात आणि प्लग तसाच राहतो. लाईट नसली तरी तार जागेवरच असते आणि विजेचा दाब वाहून नेते. पुढे लाईट परत येते तेव्हा दाब कमी-जास्त होतो, त्यातही उपकरणे जातात. लाईट गेली म्हणजे प्लग काढण्याची आठवण झाली, असे समजावे. इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर आणि एमसीबी यांनी विजेपासून संरक्षण होते असेही अनेकांना वाटते. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट यांसाठी असतो. विजेचा दाब येऊन जाण्यास सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही, तेवढ्यात एमसीबीला हालचाल करता येत नाही. त्यासाठी मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस नावाचे वेगळे उपकरण बसवावे लागते. परंतु तेही दाब जमिनीतच सोडणार, म्हणजे अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग नाही.

आता वेळेचा प्रश्न. केबल सोडवायची ती ढग दिसताच, गडगडाट ऐकू येण्यापूर्वी. विजा कडाडू लागल्यावर केबल हातात धरणे हाच मोठा धोका आहे. रिखमान त्यातच गेले. तेव्हा कडकडाट सुरू झाला असेल आणि केबल जोडलेलीच राहिली असेल तर ती तशीच राहू द्यावी, टी.व्ही.पासून, बूस्टरपासून आणि त्या भिंतीपासून सर्वांनी दूर व्हावे. हजार-दोन हजारांची पेटी गेली तरी चालेल. स्लॅबवर जाऊन अँटेना उतरविण्याचा प्रयत्न तर कोणीही करू नये.

वीज किती दूर आहे हे कळण्यास यंत्र लागत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत अंक मोजावेत. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्या अंगणात पडू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास थांबून मगच प्लग जोडावा, शेतातही मगच जावे. पाऊस थांबला की लगेच बाहेर पडण्याची आपली सवय घातक आहे. ज्या काळी आपण मध्यमलहरीवर परभणी आकाशवाणी ऐकत होतो, त्या काळी रेडिओत खरखर वाढली की जुनी माणसे ‘वीज येते बरं का’ म्हणून सावध होत. ते शास्त्राला धरूनच होते, कारण विजेपासून निघणाऱ्या लहरी मध्यमलहरीवर ऐकू येतात.

अर्थिंग आणि आपली काळी जमीन

येथे मात्र मी माझ्या विषयावर येतो. अर्थिंग म्हणजे शेवटी जमीन, आणि आपली जमीन कशी आहे हे समजल्याशिवाय अर्थिंग समजत नाही. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठची भारी काळी जमीन ओली असताना विजेला फार चांगली वाट देते. तिच्यात चिकणमाती जास्त, ओल धरून ठेवणारी आणि क्षारही असणारी. पण हीच जमीन मे महिन्यात काय करते? भेगाळते. कपाशीच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा आपण पाहतो. त्याच भेगा अर्थिंगच्या पाईपाभोवतीही पडतात. माती पाईपापासून सुटते, मधे हवा राहते आणि रोध वाढतो. म्हणजे वर्षभर चांगले असलेले अर्थिंग ज्या महिन्यात वळीव येतो, विजा जास्त पडतात, नेमके त्याच महिन्यात कमजोर होते. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण बाहेरगावचा कारागीर किंवा पेटीसोबत आलेले माहितीपत्रक हे सांगणार नाही.

यावर उपाय दोन. पहिला, पाईप खोल असावा. अर्थिंगसाठी भारतीय मानक ३०४३ आहे. त्यानुसार पाईपाचे अर्थिंग करावयाचे तर गॅल्व्हनाइज्ड पाईप किमान अडीच मीटर लांबीचा घ्यावा. वरचा मीटरभराचा थर भेगाळला तरी त्याखाली ओल टिकून असते आणि पाईपाचे खालचे टोक त्या ओलीत राहते. दीड-दोन फुटांचा खुंटा ठोकून काही साधत नाही. दुसरा उपाय म्हणजे पाणी. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा एक-दोन घागरी पाणी टाकावे. घरातील हात धुण्याचे पाणी त्या बाजूला वळविले तरी चालते. आपण भेगाळलेल्या जमिनीत कोळपणी करून भेगा बुजवतो ना, तसेच खड्ड्याभोवतीची मातीही बुजवून दाबून घ्यावी.

कोळसा आणि मीठ घालण्याची जुनी पद्धत चालते, पण मिठाने पाईप गंजतो, चार-पाच वर्षांनी तो पाहून घ्यावा लागतो. शिवाय हा खड्डा परसबागेतील झाडांच्या मुळांजवळ किंवा विहिरीच्या काठाला नसावा. आजकाल बाजारात अर्थिंगसाठी बेंटोनाइटची पावडर मिळते. ही बेंटोनाइट म्हणजे दुसरे काही नसून आपल्या काळ्या मातीला फुगविणाऱ्या आणि आकसविणाऱ्या चिकणमातीच्याच कुळातील खनिज आहे. ओल धरून ठेवते म्हणून तिची किंमत. आपल्या शेतात ती फुकट आहे, फक्त ओली ठेवली पाहिजे.

जिंतूरकडील डोंगराळ भागात किंवा जेथे फूट-दोन फुटांवर मुरूम आणि खाली कातळ लागतो, तेथे गोष्ट वेगळी आहे. अडीच मीटर पाईप तेथे जातच नाही. अशा ठिकाणी दोन-तीन फूट खोल लांब चर खोदून त्यात पट्टी आडवी पुरावी आणि चर ओढ्यातून आणलेल्या चिकण मातीने भरावा. एकापेक्षा अधिक पाईप एकमेकांपासून अंतर ठेवून पुरून जोडले तरी रोध कमी होतो. शेवटी रोध किती आहे हे डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून तो यंत्राने मोजून घ्यावा, आणि मोजणी पावसाळ्यात न करता मे महिन्यात करावी. खर्च थोडा आहे.

अँटेनाचा पाईप जमिनीपर्यंत नेणारी पट्टी सरळ असावी. २५ बाय ३ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड पट्टी घेतली तर चांगले. तिला काटकोनी वळणे देऊ नयेत, वीज वळण घेण्याऐवजी भिंतीत उडी मारते. केबल घरात शिरण्यापूर्वी तिचे बाहेरचे जाळीचे आवरण याच पट्टीला जोडावे आणि तेथे केबलसाठी मिळणारा छोटा अरेस्टर बसवावा. खिडकीजवळ केबलला खाली झोळ द्यावा म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत पेटीपर्यंत येणार नाही. सोडवलेल्या केबलचे टोक खाटेवर, गॅसच्या टाकीजवळ किंवा पाळण्याच्या बाजूला टाकू नये. केबल पेटीपासून सुटली तरी ती छपरावरून घरात आलेलीच असते.

पाईप उभा करतानाची एक गोष्ट राहिली. घरावरून किंवा जवळून विजेची वाहिनी जात असेल तर पाईप आडवा पडला तरी तारेला लागणार नाही एवढे अंतर असावे. वावटळीत पाईप पडून ११ केव्हीच्या तारेला टेकला तर ढगातील विजेची वाट पाहावी लागणार नाही. तारेला चिकटलेला अँटेना स्वतः काढू नये, १९१२ या क्रमांकावर महावितरणला कळवावे.

मोबाईलचा बूस्टर मुळात लावावा का?

आता थोडे कडू बोलतो. केंद्राच्या दूरसंचार विभागाने २०२२ साली जाहीर सूचना काढून स्पष्ट केले आहे की, परवानाधारक दूरसंचार कंपनीखेरीज कोणीही मोबाईल सिग्नलचा बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदेशीर आहे. दुकानात मिळतो, घरपोच येतो, म्हणून तो चालतो असे नाही. यामागे कारणही आहे. लाऊडस्पीकरसमोर माईक नेला की शिट्टी वाजते, तसेच बूस्टरचा बाहेरचा आणि आतला अँटेना जवळ आले की तो स्वतःचाच आवाज वाढवीत बसतो आणि तो गोंगाट टॉवरपर्यंत जातो. आपल्या घरात चार काड्या येतात आणि शेजारच्या वस्तीतील फोन तुटू लागतात. त्या वस्तीत बाळंतीण अडली असेल आणि १०८ ला फोन लागत नसेल, याचा विचार व्हावा. तेव्हा माझा सल्ला सरळ आहे. मोबाईलचा बूस्टर असेल तर कोरड्या, निरभ्र दिवशी, घराचा मुख्य पुरवठा बंद करून तो उतरवून ठेवावा.

मग रेंजचे काय? घरात इंटरनेटची जोडणी असेल तर बहुतेक अलीकडच्या मोबाईलमध्ये वायफायवरून साधा फोन करण्याची सोय असते. आपल्याकडे ती २०२० च्या सुमारास सुरू झाली. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागते, आणि अनेकांना ती माहीतच नाही. ती चालू केली की मोबाईलच्या बूस्टरचे कारणच उरत नाही. रेंजची तक्रार १९८ या क्रमांकावर कंपनीकडे नोंदवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा, आणि ती गावातील दहा-वीस जणांनी मिळून नोंदवावी. एकट्याच्या तक्रारीवर टॉवर उभा राहात नाही, हे आपण जाणताच.

टी.व्ही.च्या डिशला, टी.व्ही. अँटेनाच्या बूस्टरला आणि वायफायच्या यंत्रांना ही बंदी लागू नाही, पण विजेचे नियम सर्वांना सारखे. घरापासून आखाड्यापर्यंत वायफाय नेण्यासाठी खांबावर बसविलेल्या यंत्राची निळी किंवा करडी वायर ही तांब्याचीच असते, तिलाही वरील सर्व काळजी लागू आहे. काचेच्या तंतूची म्हणजे फायबरची तार वीज वाहून नेत नाही, मात्र खांबांवरून आलेल्या काही केबलींमध्ये आधारासाठी लोखंडी तार असते. शिवाय फायबरची पेटीसुद्धा २३० व्होल्टवरच चालते, तेव्हा तिचाही प्लग काढावाच लागतो.

आणि ते जुने अँटेने! रामायण-महाभारताच्या काळात, म्हणजे १९८७ ते १९९० या वर्षांत, गावोगाव उंच पाईपांवर ॲल्युमिनियमचे अँटेने चढले. दूरदर्शनने आपली बहुतेक जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली. २००४ साली सुरू झालेली दूरदर्शनची मोफत सेवा छोट्या डिशवर मिळते. तरीही पुष्कळ माळवदांवर ते गंजलेले पाईप उभेच आहेत आणि त्यांची केबल घरात कोठेतरी खिळ्याला लोंबते आहे. त्यांचा आता काही उपयोग नाही. उतरवून भंगारात द्यावेत. तोच पाईप विजेपासून घराचे रक्षण करील असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. नीट अर्थिंग नसलेला उंच पाईप रक्षण करीत नाही. गावासाठी ग्रामपंचायतीने बसविलेले वीज अटकाव यंत्र असेल तर त्याचेही अर्थिंग दरवर्षी तपासले जाते का, हे ग्रामसभेत विचारावे. आणि ते असले तरी तारेतून घरात येणारा दाब त्याने थांबत नाही.

शेतातील यंत्रे

मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारा स्टार्टर आता अनेकांकडे आहे. त्याचा मोठा फायदा असा की वादळात पेटीपर्यंत जावे लागत नाही. घरी बसून मोटार बंद करावी, आणि फोन लागला नाही तर मोटार चालू राहू द्यावी, पण पेटी उघडायला जाऊ नये. बंद केल्याने स्टार्टर मात्र वाचेलच असे नाही. पेटीला अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्शन असेल तर वाचण्याची शक्यता वाढते. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन ही त्याहून नाजूक. तिला जोडलेले कुंपण म्हणजे शेतभर पसरलेली तार, ती विजेला अँटेनासारखीच. आभाळ भरून येताच मशीन कुंपणापासून सोडवावी आणि गडगडाट असताना कुंपणाजवळ थांबू नये. जनावरे त्या तारेजवळ किंवा झाडाखाली बांधू नयेत. वीज जमिनीत पसरते तेव्हा पुढच्या आणि मागच्या पायांतील अंतरामुळे जनावराला माणसापेक्षा मोठा धक्का बसतो. पत्र्याच्या आखाड्यात चहूबाजूंनी भिंती नसतील तर तो आसरा धरू नये. पक्के घर किंवा काचा बंद केलेली चारचाकी बरी. उघड्या ट्रॅक्टरवर बसून राहणे धोक्याचे.

मोबाईल खिशात असला की वीज आकर्षित होते का, असेही विचारतात. तसे होत नाही. बिनतारी मोबाईलमुळे वीज अंगावर येत नाही, आणि वादळात तो बंद करून ठेवणे म्हणजे मदतीची वाट बंद करणे होय. मात्र चार्जरला लावलेला मोबाईल कानाला धरू नये, तेव्हा तो तारेला जोडलेला असतो. म्हणून दुपारपर्यंतच मोबाईल पूर्ण चार्ज करून ठेवावा. विद्यापीठाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्यात मेघगर्जनेचा इशारा असलेल्या दिवसांची नोंद करून ठेवली तर प्लग आणि केबल सकाळीच काढता येतात. घरातील एका व्यक्तीकडे हे काम नेमून द्यावे. आमच्या अनुभवात शाळेत जाणारी मुले हे काम सर्वांत नियमित करतात, परंतु कडकडाट सुरू झाल्यावर त्यांना केबलला हात लावू देऊ नये.

इतके करूनही कोणाला विजेचा धक्का बसला तर त्याला हात लावण्यास घाबरू नये. ढगातील विजेने पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहात नाही. तो अजून घरातील चालू तारेला चिकटलेला असेल तर मात्र आधी मुख्य पुरवठा बंद करावा. श्वास चालतो का ते पाहावे. चालत नसेल तर त्याला कडक जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा जोराने दाबावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. अनेकजण पडले असतील तर निपचित पडलेल्याकडे प्रथम जावे, कारण विजेने थांबलेले हृदय पुष्कळदा पुन्हा सुरू होते, श्वास मात्र उशिरा येतो. विव्हळणारा माणूस श्वास घेत असतो, त्याला दोन मिनिटे थांबता येते. चिखलात पुरणे, शेणात ठेवणे यांत वेळ घालवू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत दाब देणे थांबवू नये, दमल्यास दुसऱ्याने पुढे चालू ठेवावे.